अभ्यासक्रमात न मावलेली जत्रा

पर्यटन आणि इव्हेंट व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याचे मी 2018 मध्ये नक्की केले, तेव्हा घरात दोनच प्रश्न विचारले गेले. आत्याने विचारले, "म्हणजे तू आता सहली काढणार का?" आणि काकांनी विचारले, "की लग्नांची कंत्राटं घेणार?" दोघांच्याही बोलण्यात थट्टा नव्हती. शिक्षक, तलाठी, इंजिनिअर म्हणजे कोण हे आमच्या घराला नीट माहीत होते. या शिक्षणाच्या शेवटी माणूस नेमका कोण होतो, हे मात्र त्यांना खरोखरच उमगत नव्हते आणि त्या वेळी मलाही ते धड सांगता आले नाही. आता याच क्षेत्रात काही वर्षे काम केल्यावर थोडेफार सांगता येते. जे सांगायचे आहे ते बरेचसे त्या पदवीत काय नव्हते याविषयी आहे; परंतु जे होते त्याचे ऋण आधी मानले पाहिजे.

पहिल्या सत्रात आम्ही विमानतळांची तीन अक्षरी सांकेतिक नावे पाठ केली. पुण्याचे पीएनक्यू, नागपूरचे एनएजी, औरंगाबादचे आयएक्सयू, नाशिकचे आयएसके. आरक्षणाच्या प्रणालीवर माउसला हात न लावता केवळ आज्ञा टंकून आसने शोधायची आणि धरून ठेवायची, ही कला आम्ही मोठ्या अभिमानाने आत्मसात केली. (पंढरपूरला असे सांकेतिक नाव नाही, त्यामुळे आमच्या प्रात्यक्षिकात तिथे कोणी कधी गेले नाही.) त्याहून उपयोगी ठरला तो सहलीचा खर्च काढण्याचा विषय. बसचे भाडे आणि टूर मॅनेजरचा पगार माणसे कमी आली म्हणून कमी होत नाहीत, जेवण आणि प्रवेशशुल्क मात्र डोकी मोजून द्यावे लागते; म्हणून बस 35 आसनांची असली तरी दर 27-28 जणांवर बसवायचा आणि वरची माणसे आली तर तो नफा समजायचा, हे आमच्या सरांनी पहिल्याच तासाला फळ्यावर मांडून दाखवले. एवढ्या साध्या भागाकारावर किती सहल कंपन्या तरल्या आणि किती बुडाल्या, हे मी पुढे पाहिले.

इव्हेंटचा अर्धा भाग म्हणजे परवाने. पोलिसांची परवानगी, वाहतूक शाखेचे ना-हरकत पत्र, अग्निशमन दलाचा दाखला, मंडपाच्या मजबुतीचे प्रमाणपत्र, विद्युत निरीक्षकांची तपासणी, संगीत वाजवायचे तर हक्कधारक संस्थांचा परवाना, आणि या सगळ्यांच्या मुळाशी ध्वनिवर्धकाची वेळ. हा विषय वर्गात कोणालाच आवडत नसे. मला तो आवडू लागला तो सवाई गंधर्व महोत्सवामुळे. 1953 मध्ये पुण्यात सुरू झालेला हा महोत्सव एके काळी रात्रभर चालत असे आणि पहाटेच्या रागांनी त्याची सांगता होत असे. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिवर्धकाला बंदी केली आणि वर्षातील मोजक्या, जास्तीत जास्त पंधरा दिवसांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सूट देण्याचा अधिकार राज्य सरकारांकडे ठेवला. या नियमांची अंमलबजावणी सुरू झाल्यावर महोत्सव दुपारकडे सरकला. उत्तररात्रीचे राग त्यांच्या प्रहरी ऐकायला मिळणे त्यामुळे जवळजवळ संपले. नियम चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. शेजारच्या इमारतीतल्या आजारी माणसालाही रात्र असते. परंतु एका सरकारी नियमाने मैफलीत कोणता राग गायला जाईल हे ठरते, याचे भान मला त्या कंटाळवाण्या समजल्या जाणाऱ्या विषयाने दिले.

आता जे नव्हते त्याकडे वळते. आमच्या अभ्यासक्रमात ऑलिम्पिक होते, रिओचा कार्निव्हल होता, 2004 पासून गोव्यात कायमचा मुक्कामी आलेला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव होता. कॉर्पोरेट परिषदा आणि प्रदर्शने यांना तर स्वतंत्र प्रश्नपत्रिका होती. महाराष्ट्रातली माणसे पिढ्यान् पिढ्या ज्या कारणाने घराबाहेर पडत आली, त्या वारीला, जत्रेला आणि उरुसाला मिळून 'धार्मिक पर्यटन' या शीर्षकाखाली एक उपघटक होता आणि तोही परीक्षेत 'टीपा लिहा' या प्रश्नापुरता. मी वाई तालुक्यातली आहे. आमच्याकडे वर्ष मोजायचे ते जत्रांनी. कोणत्या गावाची जत्रा कोणत्या तिथीला, पाहुणे किती येणार, मटण किती किलो लागणार, तमाशा कोणाचा आणायचा, हे सगळे ठरवणारी माणसे मी लहानपणापासून पाहिली होती. ती माणसे आपल्या अभ्यासाचा विषय असू शकतात, हे कित्येक महिने वर्गात बसूनही माझ्या ध्यानात आले नव्हते, कारण पुस्तकातला प्रवासी हा ग्राहक होता आणि पुस्तकातल्या कार्यक्रमाला नेहमी एक आयोजक होता.

ध्यानात आले ते नारायणगावात. महसूल व्यवस्थापनाच्या तासाला आम्हाला विमान कंपन्या एकाच आसनाचे दर दिवसागणिक कसे बदलतात हे शिकवले गेले होते आणि त्यावर एक छोटा अहवाल लिहायचा होता. माझ्या बरोबरीच्या सर्वांनी दिवाळीतल्या गोव्याच्या हॉटेलांचे दर गोळा केले. मी गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावला गेले, कारण तिथे जत्रांच्या हंगामाआधी तमाशाचे फड आपापल्या राहुट्या टाकून बसतात आणि गावोगावचे पंच येऊन सुपारी ठरवतात, हे मला घरातूनच माहीत होते. राहुटीत समोर पंचांग आणि तारखांची वही. चैत्र पौर्णिमेसारख्या दिवशी अनेक गावांच्या जत्रा एकदम येतात, म्हणून त्या रात्रीची सुपारी चढी. तिच्या आगेमागे एक-दोन दिवसांची तारीख घेतली तर तोच फड, तीच कलावंत मंडळी बरीच स्वस्त. एखाद्या गावाची जत्रा आधीच्या दिवशीच्या गावापासून जवळ असेल तर डिझेल वाचते म्हणून सूट, आडमार्गाला असेल तर जास्त पैसे. "पुनवेला मागताय, मग पुनवेचाच भाव लागणार की, पाटील," एवढ्या एका वाक्यात फडाच्या व्यवस्थापकाने माझ्या अहवालाचा निष्कर्ष सांगून टाकला. पाळणेवाले, खेळणीवाले, भांडीवाले, हलवाई हेही असेच तिथीतिथीने एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जात असतात. वर्गात ज्याला आम्ही इव्हेंट उद्योग म्हणत होतो, त्याची एक जुनी, पूर्ण बांधणीची, स्वतःचे अर्थशास्त्र असलेली व्यवस्था माझ्या घराच्या आसपास उभी होती आणि तिच्यावर आमच्या ग्रंथालयातल्या पर्यटनाच्या विभागात एकही पुस्तक नव्हते.

ही केवळ उपेक्षेची तक्रार असती तर मी ती मनातच ठेवली असती. अडचण त्याहून खोल आहे. पर्यटनशास्त्राची जी साधने आम्हाला शिकवली, ती सगळी दार बंद करता येते या गृहीतकावर उभी आहेत. स्थळाची धारणक्षमता, म्हणजे ते किती माणसे पेलू शकते, हा आमच्याकडचा आवडता विषय. रिचर्ड बटलर यांनी 1980 मध्ये पर्यटनस्थळाच्या जीवनचक्राची जी मांडणी केली, तिच्यात स्थळ सापडते, वाढते, भरते आणि नंतर उतरणीला लागते किंवा नव्याने उभारी धरते. भरण्याआधी संख्येला आवर घाला, हा त्याचा व्यावहारिक अर्थ. साताऱ्याजवळचे कास पठार हे त्याचे आमच्या जिल्ह्यातले उदाहरण. पश्चिम घाटातील ज्या 39 स्थळांना 2012 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यांत कास आहे, आणि फुलांच्या हंगामात तिथे रोजच्या पर्यटकांवर मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि शुल्क हे उपाय योजले जातात. फुले वाचवण्यासाठी ते आवश्यकच आहे. पण हाच उपाय घेऊन देवीच्या डोंगरावर जा. तिथे तिकीट नाही. तारीख बदलता येत नाही, कारण ती पंचांगाने ठरलेली आहे. 'आज जागा संपल्या, उद्या या' असे नवस फेडायला आलेल्या बाईला सांगता येत नाही. किंमत, दार आणि नोंदणी ही तीन साधने काढून घेतली की आमच्या पाठ्यपुस्तकाजवळ बोलण्यासारखे फारसे काही उरत नव्हते.

25 जानेवारी हा राष्ट्रीय पर्यटन दिन. आमच्या विभागात त्या दिवशी रांगोळी असे, भित्तिपत्रकांची स्पर्धा असे, 'अतिथी देवो भव' लिहिलेला फलक असे. 25 जानेवारी 2005 या दिवशी शाकंभरी पौर्णिमा होती आणि आमच्या तालुक्यातल्या मांढरदेवीच्या डोंगरावर काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी होऊन 290 हून अधिक माणसे गेली. मी तेव्हा शाळकरी होते. त्या संध्याकाळी गावातल्या ज्या घरांतली माणसे डोंगरावर गेली होती, त्या घरांच्या दारात जमलेली गर्दी मला आठवते. फोडलेल्या नारळांच्या पाण्याने निसरडी झालेली वाट, दोन्ही बाजूंच्या दुकानांनी आवळलेला रस्ता, एकावर एक पडलेली माणसे, नंतर संतापाने पेटवलेली दुकाने आणि त्यांतल्या गॅस सिलिंडरांचे स्फोट, असा तो घटनाक्रम होता. न्यायमूर्ती राजन कोचर यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. या दोन गोष्टी एकाच तारखेला येतात, हे विभागात कोणी बोलले नाही; मुद्दाम टाळले असे नव्हे, कारण मांढरदेवीकडे पर्यटन म्हणून कोणी पाहतच नव्हते.

दुसऱ्या सत्रात गर्दीशास्त्राचे दोन तास झाले आणि ते ऐकताना मी सारखी त्या डोंगरावर जात होते. एका चौरस मीटरमध्ये चार माणसे असतील तर ती दाटीने का होईना, चालू शकतात. संख्या पाच-सहाच्या पुढे गेली की माणसाला स्वतःच्या इच्छेने पाऊल टाकता येत नाही आणि त्याहीपुढे गर्दीतून दाबाच्या लाटा जाऊ लागतात; त्यांत सापडलेली माणसे बहुतेकदा तुडवली जाऊन मरत नाहीत, उभ्या उभ्या श्वास कोंडून मरतात. क्रीडांगणांसाठीच्या ब्रिटिश मार्गदर्शिकेप्रमाणे एक मीटर रुंदीच्या सपाट वाटेवरून मिनिटाला जास्तीत जास्त 82 माणसे जाऊ शकतात आणि जिन्यावरून 66. समजा, देवळाकडे जाणाऱ्या पायऱ्या दोन मीटर रुंद आहेत, तर तासाला 7,920 माणसे एवढी त्यांची कमाल शक्ती झाली. दिवसभरात तीन लाख माणसे येणार असतील तर चोवीस तास अखंड, एकाच गतीने रांग चालली तरी ताशी 12,500 जणांना जायला वाट हवी. आणि हीच माणसे त्याच पायऱ्यांनी उतरणारही आहेत. चौथीतल्या मुलाला येईल असा हा गुणाकार आहे. तो यात्रेच्या आधी कोणी तरी कागदावर करावा, यासाठी पदवी घ्यावी लागत नाही. पण तो करणे हे आपले काम आहे असे समजणारी पदवी कोणती तरी असायला हवी.

म्हणून शेवटच्या प्रकल्पासाठी मी वारी घेतली. मार्गदर्शक प्राध्यापकांनी आधी समुद्रकिनाऱ्यावरच्या संगीत महोत्सवाचा विषय सुचवला होता, कारण त्यावर तयार माहिती भरपूर मिळते. माझा आग्रह पाहून त्यांनी होकार दिला आणि पुढे त्यांनाच त्यात अधिक रस वाटू लागला. 2019 च्या आषाढात ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीबरोबर मी सासवडपासून पुढच्या काही मुक्कामांपर्यंत एका दिंडीत चालले. हातात प्रश्नावली होती, ती पहिल्या दिवशीच पिशवीत गेली. दिंडीचालक बुवांना मी विचारले की, जेवणाचा अंदाज कसा बांधता. ते म्हणाले, "माउली, अंदाज कशाला? भिशी भरली तेवढी पानं, आणि वर वाटेत भेटतील त्यांची थोडी. आमच्यात मोजदाद नसते असं कुणी सांगितलं तुम्हाला?" (भिशी म्हणजे जेवणाखाणासाठी दिंडीत भरायची वर्गणी.)

मोजदाद होती आणि विलक्षण बारकाईने होती. आळंदी ते पंढरपूर हा सुमारे 250 किलोमीटरचा रस्ता लाखो माणसे एकाच दिशेने चालतात, पण ती सुटी माणसे नसतात. प्रत्येक दिंडीला क्रमांक असतो आणि तिची जागा ठरलेली असते. रथापुढे 27 दिंड्या, बाकीच्या रथामागे. दिंडीच्या आत पताकावाले, टाळकरी, मृदंगी, विणेकरी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया, यांचा क्रम ठरलेला. दिंडीचा ट्रक पहाटेच पुढे जातो, मुक्कामाच्या जागी तंबू ठोकतो आणि चूल पेटवतो. म्हणजे ज्या गर्दीला बाहेरून पाहणारा जनसागर म्हणतो, तिचे एकक माणूस नसून शंभर-दोनशे ओळखीच्या माणसांचा जथा आहे, आणि प्रत्येक जथ्याजवळ स्वतःचे अन्न, निवारा, प्रमुख आणि चालण्याची लय आहे. गर्दीशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर घनता आणि वेग ही दोन्ही इथे अभंगाच्या चालीने आणि टाळाच्या ठेक्याने बांधलेली असतात. ही शिस्त एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकर यांनी घालून दिली असे मानतात. ते शिंद्यांच्या पदरी सरदार होते, हे कळल्यावर या मांडणीत लष्करी तळाची आठवण का येते याचा उलगडा झाला.

संध्याकाळची समाजआरती मी पाहिली आणि तेव्हापासून कोणत्याही कार्यक्रमातल्या वॉकी-टॉकीवरच्या आरडाओरड्याकडे मी जरा तुच्छतेने पाहते. तळावर दिंड्या गोलाकार उभ्या राहतात, टाळ-मृदंगांचा कल्लोळ चाललेला असतो. सोहळ्याची शिस्त राखणारा चोपदार दंड उंचावतो आणि सगळा समाज शांत होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवत राहते. चोपदार तिच्याकडे जातो, तक्रार ऐकली जाते, निवाडा होतो. मग हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची नावे पुकारली जातात, उद्याच्या प्रस्थानाची वेळ सांगितली जाते, आरती होते. तक्रार नोंदवण्याची पद्धत, तिची सर्वांसमक्ष दखल, दुसऱ्या दिवसाचे वेळापत्रक आणि हरवले-सापडले विभाग, हे सगळे एका सभेत आटोपते. माझ्या प्रकल्पाच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारले, "या इव्हेंटचा मॅनेजर कोण?" मी चोपदार, पालखी सोहळ्याचे मालक, दिंडीचालक, संस्थान, जिल्हा प्रशासन अशी पाच नावे घेतली, तेव्हा ते म्हणाले की, एक नाव सांगा. एक नाव नाही, हाच माझा निष्कर्ष होता, आणि तो त्यांना फारसा पटला नाही.

वारी निर्दोष आहे असे मात्र मी प्रकल्पात लिहिले नाही. मुक्कामाच्या गावांवर त्या एका रात्रीत जे मलमूत्र आणि कचरा पडतो, त्याचा भार वर्षानुवर्षे त्या गावांनीच सोसला. फिरती शौचालये मोठ्या संख्येने येऊ लागली ती गेल्या दहा-बारा वर्षांत. बायकांच्या आंघोळीची आणि कपडे बदलण्याची सोय अजूनही अपुरी आहे, आणि 'माउलींच्या कृपेने होतं सगळं' या वाक्याखाली ती गैरसोय सहज झाकली जाते. पंढरपुरात पोहोचल्यावर तर दिंडीची ती रचना सुटते आणि दर्शनबारीत माणूस पुन्हा एकटा होतो. तरीही तिथे परंपरेने एक फार शहाणी वाट ठेवली आहे. गाभाऱ्यात जाता आले नाही तर लांबून मुखदर्शन, तेही नाही तर नामदेव पायरीला माथा टेकून कळसाचे दर्शन, आणि तेवढ्याने वारी पोहोचली असे मानून लाखो माणसे समाधानाने परततात. दार बंद न करता मागणी कमी करण्याचा हा उपाय मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडला नाही.

2020 मध्ये आमचे शेवटचे सत्र टाळेबंदीत गेले. इंटर्नशिपा रद्द झाल्या, विमाने उभी राहिली, हॉटेलांना कुलपे लागली आणि वर्गातल्या निम्म्या मुलांनी दुसरीकडे नोकऱ्या शोधल्या. 30 जून रोजी माउलींच्या पादुका एसटीच्या बसमधून मोजक्या माणसांबरोबर पंढरपूरला निघाल्या. तिथी चुकली नाही. एवढ्या मोठ्या आयोजनाची इतकी लहान आवृत्ती काढता आली, कारण काय सोडता येते आणि काय सोडता येत नाही हे तिथे आधीच ठरलेले होते. आम्हाला जोखीम व्यवस्थापनात नेमका हाच तक्ता भरायला शिकवले होते आणि तो भरताना बहुतेक आयोजक अडखळतात.

मी सध्या कार्यक्रमांच्या व्यवस्थेचे काम करते आणि अधूनमधून एका महाविद्यालयात पर्यटनाच्या विद्यार्थ्यांना तास घेते. जत्रांवर स्वतंत्र पेपर असावा असा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा क्रमिक पुस्तक कोणते हा पहिला प्रश्न आला आणि तो रास्त होता. नाशिकचा 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे. 2003 च्या सिंहस्थात 27 ऑगस्टला तिथे 39 भाविक चेंगराचेंगरीत गेले होते आणि 2015 चा सिंहस्थ तशा दुर्घटनेवाचून पार पडला, या दोन पर्वांमध्ये काय बदलले याचा अभ्यास करण्यासाठी विद्यार्थ्यांना याहून चांगली वेळ मिळणार नाही. क्रमिक पुस्तक नसल्यामुळे आम्ही टिपणांपासून सुरुवात केली आहे. एकेका जत्रेची तिथी, चढण्या-उतरण्याच्या वाटा आणि त्यांच्या सर्वांत अरुंद जागेची रुंदी, पाण्याची ठिकाणे, रुग्णवाहिका कुठवर पोहोचते, दुकाने कोणाच्या परवानगीने बसतात आणि मानकरी कोण, एवढे प्रत्येक मुलाने आपापल्या गावाबद्दल लिहून आणायचे. मांढरदेवी, पाली आणि औंध झाले. शिखर शिंगणापूरचे काम अडले आहे, कारण चैत्रात मुंगी घाटातून कावडी वर चढवताना माणसे एकमेकांना धरून जी साखळी करतात, तिची रुंदी मोजायची कशी यावर वर्गात अजून एकमत नाही.